सुभेदारांचा सल्ला

सोलापुरात न मागता सल्ला देणारी माणसं पैशाला पासरी आहेत, पण तोफगोळे पडत असताना ताठ उभं राहून सल्ला दिलेला माणूस साऱ्या शहरात एकच, आणि तो आमच्या समोर राहतो. मूळचे सांगोल्याकडचे हे निवृत्त सुभेदार नोकरीच्या शेवटी एका परक्या देशात तिथल्या सैनिकांना शिकवायला, लष्करी सल्लागार म्हणून गेले होते. ती सवय काही सुटली नाही. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं की कोणाची बादली कुठल्या फळीत हे तेच ठरवतात, घोड्यावर मांड कशी टाकायची हे नवरदेवाला सांगायला वरात अडवतात, आणि दात काढायला गेले तेव्हा चिमटा कसा धरायचा हे त्यांनी डॉक्टरांना तोंडात चिमटा असतानाच समजावलं म्हणे.

त्यांच्या शौर्याची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की त्यातले गोळ्यांचे आवाज आता मीच काढतो. चौकीवर मारा सुरू झाला आणि शिकाऊ पोरं पळायच्या बेतात आली, तेव्हा हे खंदकातून बाहेर येऊन उघड्यावर उभे राहिले आणि एकाच्या बुटाची नाडी सुटली म्हणून त्याला अस्सल सांगोल्याच्या मराठीत झाडायला लागले. भोवती गोळे फुटताहेत आणि साहेब नाडीवरून रागावतोय, हे बघून पोरं अशी चक्रावली की पळायचं राहूनच गेलं. चौकी वाचली. "सल्लागाराच्या हातात बंदूक नसती सर, नुसतं तोंड असतंय," ते मला सांगत, "ते मिटलं की संपलं." ती पोरं त्यांच्याकडून लढाई किती शिकली देव जाणे, मराठी मात्र बऱ्यापैकी शिकली.

सुभेदार परतले, तिथली लढाई चालूच राहिली. नाडी सुटलेला तो पोरगा पुढे त्याच चौकीचा प्रमुख झाला. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या ओट्यावरच बसलो होतो. मागे धडाधड आवाज, आणि मोडक्या मराठीत प्रश्न, "साब, थांबू का निघू?"

"थांब की! मी हललो हुतो का?"

"व्हय, साब."

फोन ठेवून सुभेदारांनी मोठ्या अभिमानानं माझ्याकडे पाहिलं. दोन-तीन दिवसांत चौकी पडल्याची बातमी आली. त्या पोराचा फोन नंतर कधी लागलाच नाही.

आता बादल्यांवरून गल्लीत रोज भांडणं होतात आणि सुभेदार गप्प बसून असतात. त्यांच्या सल्ल्याला आम्ही सगळे कंटाळलो होतो, पण तो नाही तर करमत नाही, खरंच करमत नाही. काल त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते म्हणाले, "तवा मी तितं हुतो म्हणून पोरं थांबली, सर. ह्या बारीला मी हितं सावलीत बसून बोललो." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी मला विचारलं, "तुमी शिकल्याली मानसं. सांगा की, काय सांगायला पायजे हुतं?"

"लागेल फोन एखाद्या दिवशी," मी म्हणालो. माझाच त्यावर विश्वास नव्हता, आणि ते त्यांना कळलं असावं. माझ्या पाठीवर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "व्हय, लागंल की."