पिकअप उलाळ होत नसते

लोकांच्या गाड्या पावसाळ्यात फसतात, आमची हिवाळ्यात. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला पाण्याची पाळी सुटली की शेजाऱ्याच्या हळदीतलं पाणी फुटून पाणंदीवर येतं. त्याला दहा वेळा सांगून झालं. थंडीत ती काळी माती आठ-आठ दिवस वाळत नाही. आमच्या पिकअपला जोर फक्त मागच्या चाकांचा. रिकामी असली की मागं हलकी, चाकं जागेवर गरगरतात. म्हणून दर हिवाळ्यात मी केबिनमध्ये कागद चिकटवते: मागच्या टायरांची हवा थोडी कमी. टायरांना दोर गुंडाळा. वाळूच्या सहा पिशव्या मागच्या चाकांच्या बरोबर वर ठेवा. गाडी मीच चालवते.

त्या सकाळी आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यात, आमची म्हैस अडली. रेडकाचा एकच पाय बाहेर. जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "डांबरीपर्यंत येतो. पुढं मोटारसायकल चालत न्हाई, न्यायला या." सासऱ्यांना शेजारी बसवलं आणि मागं न बघता निघाले.

निम्म्या वाटेत गाडी बसली. हवा कमी होती, दोर होता, तरी चाकं नुसती चिखल उडवत होती. उतरून बघते तर सहाही पिशव्या पुढं, केबिनला टेकवलेल्या.

"मीच सरकवल्या काल," सासरे म्हणाले. "समद्या मागं होत्या. गाडी उलाळ झाली असती, बाई."

बैलगाडीत ओझं मागं जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. त्याला उलाळ म्हणतात. त्यांचा जन्म बैलगाडीवर गेलेला.

"मामा, हिला बैल कुठं हायेत?"

"इंजिन हाय की पुढं! ते उचललं मंग?"

मी दात आवळले. गुडघाभर चिखलात उभं राहून एकेक पिशवी मागं ओढली. तेही ओढू लागले, धापा टाकत, वर "हळू, कंबर धरंल" असं मलाच सांगत. पिशव्या चाकांवर आल्या आणि गाडी दुसऱ्या झटक्यात निघाली. तोवर बराच वेळ गेला होता.

डॉक्टरांनी म्हैस वाचवली. रेडकू मेलेलंच निघालं. "थोडं आधी आणलं असतं मला तर," एवढंच ते म्हणाले.

"नशिबात नव्हतं," सासरे म्हणाले.

"नशीब न्हाई, मामा. पिशव्या." लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला.

ते म्हणाले, "वाचला होता तुझा कागद. ठेवा, म्हणून लिव्हलंय. काहून ठेवायच्या, ते कुठं लिव्हलंय?"

लिहिलं नव्हतं. माझ्या कुठल्याच यादीत ते नसतं. त्यांच्यावरचा राग मग धड त्यांच्यावरही काढता येईना.

संध्याकाळी म्हशीचे सड तटतटले. मी बादली घेऊन बसले. तिनं वास घेत आजूबाजूला रेडकू शोधलं आणि लाथ मारून बादली उडवली. मी बादली उचलून आणली आणि पुन्हा बसले.