‘आपण’ की ‘आम्ही’

जर्मनीत ब्राउनश्वाइगला मी बॅटरीवर पीएचडी करत होते तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलाशी बोलिव्हियाची एक मुलगी बसायची. तिची मातृभाषा केचुआ. वडील उंच पठारावर बटाटे पिकवायचे. जूनमध्ये पहाटे डोंगरावर चढून ते कृत्तिकांचा पुंजका किती स्वच्छ दिसतो ते बघायचे आणि त्यावरून लावणी लवकर करायची की उशिरा, हे ठरवायचे.

“चुकत नाही अंदाज?” मी एकदा विचारलं.

“चुकतो ना. म्हणून एकटे जात नाहीत. सात-आठ जण बघतात, मग खाली येऊन भांडतात.”

त्या वर्षी इन्स्टिट्यूटमध्ये लिथियमवर कार्यक्रम ठरला. बर्लिनहून एक मोठे राजकारणी येणार होते. कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी तिला बोलावून सांगितलं, “सुरुवातीला पारंपरिक पोशाखात, तुमच्या भाषेत धरतीमातेची प्रार्थना म्हणा.” तिने त्याऐवजी दहा मिनिटं मागितली. तिच्या गावाच्या खालच्या अंगाला मिठाचं मैदान आहे. तिथून लिथियम उपसायला लागले तर विहिरींचं पाणी कुठे जाईल, यावर तिला बोलायचं होतं.

“आल्झो, बरं, तीन मिनिटं देते,” बाई म्हणाल्या. “पोशाखाचं तेवढं बघा.”

ती रोजच्या स्वेटरवरच आली. आधी राजकारणी अर्धा तास बोलले. धरतीमातेचं केचुआ नाव त्यांनी तीनदा घेतलं, तिन्ही वेळा वेगवेगळ्या उच्चारात. प्रत्येक वाक्यात ‘वियर’. वियर म्हणजे आपण. आपण सगळे मिळून, आपलं भविष्य, आपली पृथ्वी.

मग ती उठली. वेळ संपल्याचं लाल कार्ड दाखवायचं काम माझ्याकडे होतं.

ती विहिरींवर बोलली आणि शेवटी राजकारण्यांकडे वळून म्हणाली, “तुमच्या ‘वियर’ला माझ्या भाषेत दोन शब्द आहेत. न्योकांचिक म्हणजे ऐकणाऱ्यासकट सगळे. न्योकायकू म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून बाकीचे. लिथियम उपसायचा करार ठरला तेव्हा तुमच्या ‘वियर’मध्ये आमच्या गावातलं कोण होतं?”

सभागृहात चुळबुळ झाली. मला समजायला क्षणही लागला नाही. “आपण जेवू या” म्हटलं की बसायचं आणि “आम्ही जेवतो” म्हटलं की आपल्या घरी जायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

राजकारणी हसले. “गेनाऊ, अगदी बरोबर. असे सुंदर शब्दच तर आम्हाला तुमच्याकडून शिकायचेत.” टाळ्या पडल्या.

“मी शब्द शिकवत नाहीये,” ती म्हणाली. “प्रश्न विचारलाय.”

दारातून बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कार्ड वर केलं. माझ्या फोनवर तिचं अजून एक मिनिट शिल्लक होतं.

जेवायला तिच्याच पठारावर पिकणाऱ्या किन्वाचं सॅलड होतं. एक प्राध्यापक बशी हातात धरून तिला समजावत होते, की तुमची माणसं निसर्गाच्या किती जवळ असतात. राजकारण्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. मला त्यांची किळस आलीच, पण सबंध दुपार जी गेली नाही ती माझी स्वतःची.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी तिला सांगितलं, “तुझं एक मिनिट शिल्लक होतं.”

“माहीत आहे. मीही घड्याळ बघत होते.” हातातलं काम न थांबवता तिने विचारलं, “बाईंची भीती वाटली, की व्हिसाची?”

“व्हिसाची.”

तिने मान हलवली. ‘जाऊ दे’ म्हणाली नाही, आणि ते बरं झालं.

आठवड्याने कार्यक्रमाचा व्हिडिओ आला. तिचा प्रश्न कापला होता. सुंदर शब्दांचं वाक्य होतं, टाळ्याही होत्या. मी बाईंना मेल लिहून कारण विचारलं. उत्तर आलं: वेळेअभावी.

पुढे ती पदवी घेऊन परत गेली. आता गावाच्या समितीबरोबर दर महिन्याला विहिरींची पातळी मोजते, आणि आकडा पटला नाही तर सगळे मिळून पुन्हा मोजतात. मी हॅम्बर्गला नोकरी करते. बॅटऱ्याच बनवते.