शुभेच्छुकाचं जर्मन

हेर फोक्ट यांनी फोटो माझ्यासमोर सरकवला. “यावर जे लिहिलंय ते सगळं मला जर्मनमध्ये हवं आहे. शिक्क्यासह.”

मी फोटो पाहिला आणि ओठ आत ओढून घेतले. हसू दाबायची ही माझी जुनी युक्ती आहे. सरकारी कचेऱ्यांमध्ये फार उपयोगी पडते.

फोटोत फ्लेक्स होता. चांगला तीन मीटर लांब, भगवा-पिवळा. मधोमध फ्राउ केसलर हात जोडून उभ्या, आणि त्यांच्या डोक्यामागून सूर्याचे किरण निघालेले. फ्राउ केसलर (फ्राउ म्हणजे श्रीमती, हेर म्हणजे श्रीयुत) आमच्या गावात नगराध्यक्षपदाला उभ्या होत्या. निवडणूक अडीच आठवड्यांवर आली होती. त्यांच्या डोक्यावर, किरणांच्याही वर, टपोऱ्या देवनागरीत लिहिलं होतं, ‘कार्यसम्राज्ञी, भावी नगराध्यक्षा फ्राउ केसलर यांना वाढदिवसाच्या लक्ष लक्ष शुभेच्छा!’

सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही चौकात हा फ्लेक्स कुणी मान वर करून पाहिला नसता. पण हा नेकारसुल्मच्या अलीकडच्या आमच्या छोट्या जर्मन गावात लागला होता. तोही नगरपालिकेच्या हॉलमध्ये, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात.

माझा धंदा सांगतो. मी शपथबद्ध भाषांतरकार आहे. म्हणजे कोर्टात शपथ घेतलेला, गोल शिक्का बाळगणारा. मराठीतले जन्मदाखले, लग्नाचे दाखले मी जर्मनमध्ये करून देतो आणि मग ते इथल्या कचेऱ्यांत चालतात. नियम एकच. कागदावर जे आहे ते सगळं लिहायचं, आणि जे नाही ते लिहायचं नाही. एखाद्या शब्दाला जर्मन शब्दच नसेल, तर चौकोनी कंसात ‘भाषांतरकाराची टीप’ द्यायची. एवढ्या एका जागी आम्हाला स्वतःचं तोंड उघडायची परवानगी असते.

“मी त्या मराठी मंडळाचा सभासद आहे,” मी आधीच सांगून टाकलं. “पण त्या दिवशी मी श्टुटगार्टच्या कोर्टात होतो. कार्यक्रमाला नव्हतो.”

“या गावात प्रत्येक जण कशाचा ना कशाचा सभासद आहे,” हेर फोक्ट म्हणाले. “मी ससेपालन संघात आहे. बसा.”

हेर फोक्ट म्हणजे राटहाउसमधले, नगरपालिकेच्या इमारतीतले, नंबर दोनचे साहेब. सगळे कर्मचारी त्यांच्या हाताखाली. निवडणुकीची व्यवस्थाही त्यांच्याकडे.

मी तोंडी भाषांतर सुरू केलं. ‘कार्यसम्राज्ञी’पाशी त्यांनी पेन थांबवलं.

“सम्राज्ञी?”

“कामाची. कामात सम्राज्ञी.”

“सम्राट आम्ही शंभर वर्षांपूर्वी घालवले, हेर परांजपे.” त्यांनी पुढे पाहिलं. “आणि वाढदिवस कधी होता?”

“सोमवारी, बहुतेक.”

“कार्यक्रम शनिवारी होता.” आता त्यांचा चेहरा खरोखर गंभीर झाला. “दोन दिवस *आधी* शुभेच्छा दिल्या?”

जर्मन माणसाला वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं म्हणजे अपशकुन. सम्राज्ञीपेक्षा हे त्यांना जास्त लागलं. मी घाईने पुढच्या शब्दावर गेलो, आणि तो होता ‘भावी’. इथे मात्र गंमत संपली.

“भावी म्हणजे पुढे होणारी,” मी म्हणालो. “होणारी नगराध्यक्षा.”

“गेनाऊ,” हेर फोक्ट म्हणाले. म्हणजे, तेच तर. “आता खरा प्रश्न.” त्यांनी फाइलमधून दुसरा कागद काढला. फ्लेक्सच्या तळाचा भाग मोठा करून छापलेला. तिथे ‘शुभेच्छुक’ असं लिहून खाली बावीस नावं होती. समोरच्या उमेदवाराच्या एका समर्थकाने फोनच्या अ‍ॅपमधून ती वाचून घेतली होती आणि नगरपालिकेकडे केलेल्या तक्रारीला जोडली होती. अ‍ॅपने शुभेच्छुकचं जर्मन केलं होतं ‘उंटरश्ट्युत्सर’. समर्थक. पाठिंबा देणारे.

“नऊ नंबर,” हेर फोक्ट म्हणाले. “सौ. ऋतुजाताई. या गावात ऋतुजा एकच आहे. ती खाली काउंटरवर बसते आणि पोस्टाने मत देणाऱ्यांचे अर्ज घेते.”

ऋतुजा मूळची नाशिकची. तिकडे बँकेत अधिकारी होती. नवऱ्याला इथल्या कार कारखान्यात नोकरी लागली म्हणून आली. चार वर्षं जर्मन शिकली, दोन वर्षं मिळेल ते काम केलं, आणि आता कुठे राटहाउसमध्ये लागली होती. अजून ‘प्रोबेत्साइट’ चालू होता. म्हणजे पहिले सहा महिने, ज्यात माणसाला कारण न देता घरी पाठवता येतं. निवडणुकीचं काम करणाऱ्याने कुठल्याही उमेदवाराची बाजू घ्यायची नाही, हा इथला कडक नियम. आणि हिचं नाव भावी नगराध्यक्षेच्या पायाशी!

“ती म्हणते तिला माहीतच नव्हतं,” हेर फोक्ट म्हणाले. “सगळेच असं म्हणतात. म्हणून मला शब्द हवा आहे. शुभेच्छुक म्हणजे समर्थक की नाही?”

“शब्दशः, शुभ इच्छिणारा.”

“मग इच्छा तर आहेच ना? आणि हे ‘कु.’ काय आहे? पदवी?”

“कुमारी. लहान मुलगी.”

“किती लहान?”

“स्वरा? चार वर्षांची.”

त्यांनी लिहून घेतलं. “शेवटी ‘व समस्त मित्रपरिवार’. हे किती जण?”

“ते सांगता येत नाही.”

“अंदाजे?”

“हेर फोक्ट, ते मोजायचे नसतात.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “बरं. चौदा नंबर. अ‍ॅप म्हणतं, ‘अविनाशी बंधू’. हा कुठल्या धर्मसंस्थेचा आहे?”

मी कागद जवळ ओढला. चौदाव्या ओळीवर स्वच्छ लिहिलं होतं, ‘अविनाशभाऊ’.

गावात अविनाशही एकच आहे.

नाटकात अशा वेळी दिवे जातात. राटहाउसमध्ये ट्यूबलाइट जळत राहिली. मी म्हणालो, “तो मीच.”

हेर फोक्टनी पेनला टोपण लावलं. “आल्झो,” ते म्हणाले. म्हणजे, तर मग. “तुम्ही फ्राउ केसलरना पाठिंबा देता.”

“मला मतसुद्धा देता येत नाही. माझा पासपोर्ट भारतीय आहे. माझं नाव इथे आहे हे मला आत्ता, तुमच्यासोबत कळलं.”

“सगळेच असं म्हणतात,” ते पुन्हा म्हणाले. पण या वेळी थोडं सावकाश.

काम तिथेच सुटलं. ज्या कागदात स्वतःचा संबंध आहे त्यावर शिक्का मारता येत नाही. शनिवारपर्यंत दुसरा मराठी भाषांतरकार मिळणंही कठीण होतं, आणि शनिवारपर्यंत हेर फोक्टना तक्रारीला उत्तर द्यायचं होतं.

खाली उतरलो तर ऋतुजा जिन्यापाशी उभी. डोळे लाल नव्हते, पण हातातली फाइल तिने उगाच घट्ट धरली होती.

“काका, काय झालं?”

“माझंही नाव आहे त्यात. आता माझं भाषांतर चालणार नाही.”

“म्हणजे आता ते अ‍ॅपवरच विसंबणार?” तिने खालचा ओठ चावला. “काका, मी कधी तुम्हाला म्हटलं का, काही बदलून लिहा म्हणून? खरं तेच लिहा म्हणणार होते. फक्त नीट लिहा.”

बाहेर पायऱ्यांवर उभं राहून मी सुहासराव देवस्थळींना फोन लावला. फ्लेक्स त्यांचाच. सुहासराव कार कारखान्यात इंजिनियर आहेत आणि मंडळाचे कार्यवाह. राजकारणाची चव त्यांना गेल्या वर्षी लागली. शाळेच्या पालकसभेत वर्गाचा प्रतिनिधी निवडायचा होता, सगळे जर्मन पालक आपापले बूट पाहत बसले, आणि सुहासरावांनी नाक खाजवायला हात वर केला. बिनविरोध निवडून आले. शाळेच्या पालक मंडळाच्या अध्यक्ष तेव्हा फ्राउ केसलर होत्या. त्या नगराध्यक्षपदाला उभ्या राहिल्यावर सुहासरावांना वाटलं, आपलंच माणूस उभं आहे.

“सुहासराव, फ्लेक्सवर माझं नाव टाकलंत?”

“टाकलं की! चौदावं. वर हवं होतं का?”

“मला विचारलंत?”

“अहो, शुभेच्छांना काय विचारायचं? नसतं टाकलं तर तुम्हीच महिनाभर रुसला असता.”

“आणि ऋतुजाला?”

“तिचं तर पाहिजेच. राटहाउसमधलं माणूस आहे. यादीला वजन येतं.”

मी डोळे मिटले. “हे वाक्य तुम्ही आयुष्यात पुन्हा कुणासमोर बोलू नका. तिची नोकरी जातेय त्या वजनाने.”

पलीकडून खूप हळू, “काय सांगता?”

मी सगळं सांगितलं. सुहासराव माणूस वाईट नाही. फक्त त्यांच्या डोक्यात एक चौक कायम उभा असतो, आणि त्यात एक खांब रिकामा असतो.

“असं करा ना परांजपेसाहेब,” ते म्हणाले, “तो ‘भावी’ गाळा.”

“मी शपथेवर आहे. आणि आता ते काम माझ्याकडे राहिलेलंही नाही.”

“मग छपाईची चूक म्हणा. ‘भाविक’ होतं म्हणा. भाविक नगराध्यक्षा.”

“सुहासराव.”

“हो, हो. सुचलं ते बोललो.” मग एक श्वास. “मी उद्या जातो. मीच सांगतो त्यांना.”

ते खरंच गेले. कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून. मला दुभाषा म्हणून बोलावलं होतं. हेर फोक्ट म्हणाले, शिक्का नसला तरी कान तर आहेत, बसा.

“नावं कुणाला विचारून घातली?” हेर फोक्टनी विचारलं.

“कुणालाच नाही.”

“एकालाही नाही?”

“आमच्याकडे विचारत नाहीत,” सुहासराव म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. “एक नंबरला माझे वडील आहेत. ते सांगलीत असतात. ते फ्राउ केसलरना ओळखतही नाहीत.”

“ते जर्मनीत कधी आले होते?”

“व्हिसा नाकारला.”

हेर फोक्ट माझ्याकडे वळले. “हेर परांजपे, भाषांतर नको. फक्त टीप सांगा. जी तुम्ही चौकोनी कंसात लिहिली असती.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला नुसती टीप मागत होतं.

“शुभेच्छुक म्हणजे जो शुभ इच्छितो तो,” मी म्हणालो. “त्याने ते इच्छिलं आहे की नाही, हे त्याला विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.”

त्यांनी शब्द न् शब्द लिहून घेतला. मग वाचून दाखवला. मग म्हणाले, “छान. पण तुमची टीप म्हणजे पुरावा नाही. पुरावा मी गोळा करतो.”

आणि त्यांनी जे केलं ते फक्त जर्मन माणूसच करू शकतो. त्यांनी फॉर्म बनवला. बावीस प्रती. ‘आपले नाव सदर फलकावर आपल्या संमतीने छापले होते काय?’ खाली दोन चौकोन, हो आणि नाही. पत्ते सुहासरावांनी स्वतः लिहून दिले, आणि तीन दिवस घरोघरी फोन करून सगळ्यांना फॉर्म भरायला लावले. प्रत्येकाची बोलणीही खाल्ली.

एकवीस फॉर्म परत आले. वीस जणांनी ‘नाही’वर खूण केली होती. त्यात एक जण मागच्या वर्षीच कॅनडाला गेला होता, त्याने तिथून स्कॅन पाठवला. सांगलीहून आलेल्या स्कॅनमध्ये सुहासरावांच्या वडिलांनी फॉर्मच्या मागच्या बाजूला मराठीत लिहिलं होतं, ‘ही बाई कोण?’ ते मला तोंडी भाषांतरित करावं लागलं. एकविसावा फॉर्म कु. स्वराचा. तिने दोन्ही चौकोन रंगवले होते, एक हिरवा आणि एक गुलाबी. हेर फोक्टनी तो अवैध ठरवला. बाविसावे स्वतः सुहासराव. नाव त्यांनी स्वतःच छापलेलं, संमती कुणाला विचारणार?

शनिवारी तक्रारीला उत्तर गेलं. संबंधित कर्मचारी महिलेने कुणालाही पाठिंबा दिलेला नाही, नाव तिच्या नकळत छापलं गेलं. मंडळाने नगरपालिकेच्या हॉलमध्ये उमेदवाराचा प्रचार केला म्हणून मंडळाला लेखी समज. ऋतुजाला मतदान होईपर्यंत पोस्टल अर्जांवरून काढून कुत्र्यांच्या नोंदणीच्या काउंटरवर बसवलं. ती शिक्षा नव्हती, नुसती खबरदारी होती. तरी पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, “काका, कुत्र्यांचं बरं आहे, त्यांना पक्ष नसतो.” दोन महिन्यांनी तिचा प्रोबेत्साइट संपला आणि हेर फोक्टनी तिला कायमचं पत्र दिलं.

फ्राउ केसलर निवडून आल्या. बावीस शुभेच्छुकांपैकी तिघांनाच मत द्यायचा अधिकार होता, आणि त्यातल्या एकाने मला खासगीत सांगितलं की त्याने समोरच्याला दिलं.

मी यातून एकच शिकलो, आणि तेही धंद्यापुरतं. काम घेण्याआधी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. वरची ओळ ठळक असते, पण शिक्का जातो तो खालच्या बारीक अक्षरांमुळे.