विजयश्रीताईंची गोल अक्षरं

थेरगावात बारसं असलं की पाळण्यामागच्या भिंतीवर बाळाचं नाव विजयश्रीताईंच्या हातचंच लागायचं. ताई लग्न होऊन धाराशिवकडून आल्या. नवरा चाकणच्या कंपनीत शिफ्टला, घरात बोलायला कोण? मग फोमशीट आणि कात्रीशी गट्टी जमली. टोकदार अक्षर कापलं की फोम कोपऱ्यातच फाटायचा, म्हणून त्यांनी कोपरे ठेवलेच नाहीत. सगळी जाड अंगाची, गुबगुबीत अक्षरं; वेलांटीचं टोक बाळाच्या अंगठ्यासारखं, अनुस्वार बुंदीच्या लाडवासारखा. हॉलच्या दारातून आजीबाईंना चष्म्याशिवाय वाचता येत.

बारसं, डोहाळजेवण, वाढदिवस, दत्तजयंतीचा महाप्रसाद, एवढ्यालाच त्या अक्षरं देत. एकदा कुणी वर्षश्राद्धाला मागितली, तर म्हणाल्या, "दादा, ही अक्षरं हसतात. तिथं शोभायची नाहीत. साध्या खडूनं लिहा, तेच बरं."

डांगे चौकात ज्ञानेशचं फ्लेक्सचं दुकान. ताई त्याला दरवर्षी राखी बांधायच्या. गेल्या श्रावणात तो घरी आला.

"ताई, एका शाळेला तक्ता करायचाय. तुमची सगळी मुळाक्षरं द्या, जोडाक्षरंसुद्धा."

"अरे, ङ कशाला? त्यावरून कुणी नाव ठेवतं का?"

"मास्तर ऐकत नाहीत हो."

रोज पोथी वाचून झाली की ताई कापायला बसत. पंधरा दिवसांत पिशवी भरली. देताना त्यांनी पिशवीला हळदकुंकू लावलं. शाळेचं काम, म्हणजे सरस्वतीचंच.

या महिन्यात सुभद्राबाई गेल्या. भजनी मंडळात ताईंना टाळ धरायला त्यांनीच शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी ताई त्यांच्या घरी भेटायला निघाल्या, तर गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स. सुभद्राबाईंचा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तोच ढेरपोट्या श्र, तीच अंगठ्यासारखी वेलांटी. अक्षरं फोटोखाली ओळीनं हसत होती.

ताईंनी तिथूनच ज्ञानेशला फोन लावला.

"तक्ता कुठल्या शाळेत लावलास रे?"

"ताई, त्याचा फॉन्ट केला. कंप्युटरवर टाइप केलं की तुमचंच अक्षर येतं. ढाबेवाले, बिल्डर, सगळे तोच मागतात."

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"इथं सुभद्राबाईंच्या फोटोखाली लागलाय. काढून टाक तो."

"आता कसा काढू? पंचवीस दुकानांत गेलाय. तो बोर्डही माझा नाही."

"नाव काय ठेवलंस त्याला?"

"वर्षाली. बायकोचं."

"म्हणजे बारसंही उरकलंस," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सुभद्राबाईंच्या घरी त्यांचा मुलगा ज्योतीराम ओसरीवर बसला होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "ताई, बोर्ड गल्लीतल्या गणपती मंडळाच्या पोरांनी लावला. पन अक्षरं तुमची दिसत्यात. आमच्या आईला असली हसरी कशापायी दिली?"

खरं सांगायचं तर ज्ञानेश, शाळा, पिशवी, सगळं उकलून दाखवावं लागणार. सुतकाच्या घरात, भिंतीला टेकून बसलेल्या सुनांसमोर? आणि भावाचं नाव कुठल्या तोंडानं घ्यायचं?

"माझी नाहीत ती," ताई म्हणाल्या.

"व्हय? मग बरं," ज्योतीराम म्हणाला. "आई म्हनायची, विजयश्रीच्या हाताला जाण हाय."