झूम नसलेली फोटोवाली

लग्नाचे फोटो काढते आणि जवळ झूम लेन्स नाही, हे ऐकून जिंतूरमधले आमच्या धंद्यातले लोक आजही हसतात. हसू देत. तोंड त्यांचं, मला काय तोशीस?

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. झूम म्हणजे एका जागी उभं राहून लेन्सची नळी फिरवायची, की मांडवाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस नाकासमोर येतो. माझ्याकडं आहे ती प्राइम लेन्स, तिच्यात असं जवळ ओढून आणायचं काही नसतंच. माणूस जवळून पाहिजे तर उठायचं आणि त्याच्यापाशी चालत जायचं. अख्खं खानदान एका फोटोत पाहिजे असलं तर मागं मागं सरकायचं. असंच सरकता सरकता मी एकदा खरकट्या पत्रावळींच्या ढिगात जाऊन बसले होते. उठले, साडी झटकली आणि फोटो काढला.

पहिली दोन वर्षं मी थोरल्या भावाचा झूमच वापरला. स्टुडिओ त्याचा, काम शिकवलं त्यानंच. त्याचा एकच मंत्र. "बाईमाणसानं लग्नात लय पुढंपुढं करू नये. मागं उभी राहा, झूम कर, घरी ये." मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग पूर्णेला एक लग्न लागलं. नवरीची आई विधवा. अक्षता पडत होत्या आणि ती कोठीच्या, म्हणजे शिधासामान ठेवायच्या खोलीच्या, दाराआडून बघत होती. अर्धा चेहरा बाहेर, डोळे भरलेले. मी स्टेजजवळूनच नळी फिरवली आणि तिला टिपलं. काय फोटो आला होता म्हणून सांगू! दादानं पाठ थोपटली. अल्बम द्यायला मी स्वतः गेले आणि मुद्दाम ते पान काढून तिच्यापुढं धरलं, वाटलं आता कौतुक होणार. तिनं पान जवळ घेऊन बघितलं.

"लेकीच्या लग्नात मी चोरावानी बघायलेय की गं," ती म्हणाली आणि पान उलटलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपला फोटो निघतोय हे तिला माहीतसुद्धा नव्हतं. लपून तर मी घेतला होता, आणि चोर दिसत होती ती बिचारी.

म्हणून स्वतःची लेन्स घ्यायची वेळ आली तेव्हा मी दादाला सांगून टाकलं, प्राइम घेणार.

"दिमाग फिरला का तुझा? लग्नात काय पळत बसणार हायस?"

"पळीन. पाय हायत मला."

"लोक नावं ठेवतील."

"आत्ता काय आरती ओवाळायलेत?"

आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी पण बोलले नाही. भाऊ कुणाचा, बहीण कुणाची!

त्यानंतर बोरीची एक मुलगी स्टुडिओत आली. लग्न ठरलेलं, पण फोटोंचे नमुने बघायला आलीच नव्हती. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "ताई, माझे वडील मी सातवीत असताना गेले. आईनं शेती केली, मला शिकवलं. हे लग्नही तीच करायलीय, मांडवापासून मिठापर्यंत. पण अक्षतांच्या वेळी ती कोठीत जाऊन बसंल. काकांनी तसं सांगूनच ठेवलंय. मला अक्षता पडायच्या आधी स्टेजवर आईसंगं एक फोटो पाहिजे. बाकीचे नाही निघाले तरी चालतील."

ती गेल्यावर दादा म्हणाला, "माझा झूम घेऊन जा. आई दाराशी आली की लांबून घे. कम्प्यूटरवर लेकीशेजारी बसवून देतो, कुणाला कळायचं पण न्हाई."

"कुणाला कळूच द्यायचा नाही, तर काढायचा कशाला?" मी म्हणाले. त्याचा झूम कपाटात ठेवला आणि कपाट लावून घेतलं. आई स्टेजवर आली नाही तर रिकाम्या हातानं परतावं लागणार, हे मला चांगलं ठाऊक होतं.

लग्नात एक गंमत असते. गुरुजींचं कुणी ऐकत नाही, पण फोटोवाल्याचं सगळे ऐकतात. मान वर करा म्हटलं की करतात, घास परत भरवा म्हटलं की भरवतात. त्याच जोरावर मी, गुरुजींनी अंतरपाट उचलला तशी, मधे जाऊन उभी राहिले. "थांबा गुरुजी. नवरीचा आईसंगं फोटो राहिलाय."

नवरीचे चुलते पुढं आले. "त्या कामात हायत. तुमी तुमचं चालू द्या."

"बोलवा त्यांना."

"अवो, लांबून घ्या की! तुमच्या कॅमेऱ्यात लांबचं येत न्हाई का?"

"न्हाई येत. माझ्यापाशी लांबून घ्यायची सोयच न्हाई. एक तर त्यांनी इथं यावं, न्हाईतर नवरीला घेऊन मी कोठीत जाते. मुहूर्त थांबंल तवर."

वरपक्षातून कुणीतरी म्हणालं, "फोटोवाली लय शहाणी दिसायलीय." मी जागची हलले नाही. आणि तेवढ्यात नवरीनं शालू सावरला, मुंडावळ्यांसकट वळली आणि सरळ स्टेजच्या पायऱ्यांकडं निघाली.

ती खाली उतरायच्या आत आईच कोठीतून बाहेर आली. पदराला हात पुसत, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. लोक बाजूला झाले. स्टेजवर चढली, लेकीचा हात धरून मांडवाकडं तोंड करून उभी राहिली. मी तीन पावलांवर गेले. तिनं थेट माझ्याकडं बघितलं. मी एक काढला, मग अजून एक, आणि मग मोजायचंच सोडून दिलं.

चुलते खाकरले. "झालं ना? वहिनी, चला आता. उशीर होतोय."

तिनं कमरेचा जुडगा सोडला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"भाऊजी, भात उतरायचा राहिलाय. तेवढं बघा तुमी," ती म्हणाली, आणि गुरुजींपुढं अक्षतांसाठी ओंजळ धरली.