गमरेकाकांचा सिल्व्हर ओक

बदलापुरात उल्हास नदीच्या काठाने जी पायवाट जाते, तिच्यावर सकाळी दोन प्रकारचे लोक दिसत. हात हलवत भरभर चालणारे आणि गमरेकाका. काका फारसे चालतच नसत. वाटेतल्या सिल्व्हर ओकखाली येऊन थांबायचे, फुलांच्या दिवसांत तळहात पुढे धरायचे आणि वरून मधाचा थेंब पडला की चाटायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी मलाही हात पुढे करायला लावला. मी काही विचारणार तोच म्हणाले, "हळू बोला. वर पंगत बसलीय."

पंगत खरीच होती. नारिंगी-पिवळ्या फुलांवर शिंजीर, बुलबुल, साळुंक्या आणि मधमाश्या तुटून पडलेल्या, आणि मध्येच खारींची भांडणं. काकांची सगळी नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत बॉयलरवर गेली होती. "तिकडे मान वर केली की धूर. इकडे बघा," एवढंच त्यांचं निवृत्तीचं तत्त्वज्ञान. चमकणाऱ्या नर शिंजिराला ते शेट म्हणत. "शेट नुसते मिरवतात. घरटं बाई बांधते." हे सांगताना गमरेकाकू शेजारी असल्या तर आवाज जरा खाली यायचा.

आमचं एक प्रभातफेरी मंडळ होतं. त्यात फेरी कमी आणि मंडळ जास्त. अध्यक्ष धुळपभाऊ. त्यांच्याकडूनच एके दिवशी कळलं की पायवाटेचं सुशोभीकरण होणार आहे आणि त्यासाठी सिल्व्हर ओक तोडायचा आहे, कारण त्याच्यामुळे पेव्हर ब्लॉक सरळ रेषेत बसत नाहीत. निसर्गाच्या सान्निध्यात फिरता यावं म्हणून निसर्ग बाजूला करणं आमच्या गावात कोणालाच विचित्र वाटलं नाही.

काका नगरसेवकांकडे गेले. मी सोबत होतो. नगरसेवक म्हणाले, "काका, ते झाड आपल्या मातीतलं नाही. फॉरेनचं आहे. आपण देशी लावू."

"मिरची पण बाहेरूनच आली, साहेब," काका म्हणाले. "वडापावबरोबर तुम्ही ती परत पाठवता का?"

नगरसेवक मनापासून हसले आणि झाड तोडायचा दिवस ठरवून मोकळे झाले.

तेव्हा धुळपभाऊंनी तोडगा काढला. "काका, खाली एक दगड ठेवा, शेंदूर फासा. मग बघू कोणाचा बाप हात लावतो."

काका एरवी चिडत नसत. त्या दिवशी चिडले. "माझ्या बापाने छप्पन साली घरातले देव नदीत सोडले. मी इथे नदीकाठी परत काढून बसवू?"

पण धुळपभाऊ कोणाच्या तत्त्वांना बधणारे नव्हते. तोडायच्या दिवशी सकाळी गेलो, तर झाडाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड आणि दोन उदबत्त्या. काका घरी गेले आणि रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन आले. तेवढ्यात करवतवाले आले. त्यांनी दगड पाहिला, चपला काढल्या, हात जोडले आणि आल्या पावली परत गेले. जे काम काकांच्या अर्ज-विनंत्यांनी झालं नाही, ते एका दगडाने न बोलता केलं.

काका फडकं धरून उभे. वर फांदीच्या टोकाला शिंजिराचं घरटं लोंबत होतं. त्यातून दोन चोची बाहेर आल्या होत्या. दगड पुसला तर माणसं दुपारपर्यंत परत येणार, हे त्यांनाही कळत होतं. शेवटी ते म्हणाले, "पिल्लं उडू देत. मग पुसतो."

पिल्लं उडाली. तोवर दगडाभोवती ओटा झाला होता. मग पत्रे आले, हॅलोजन आला, भोंगा आला. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतून लाद्या बसवल्या जात होत्या तेव्हा काका हात जोडून म्हणाले, "मुळाशी जरा माती सोडा रे." धुळपभाऊ समजुतीने म्हणाले, "काका, देवाच्या पायाशी चिखल बरा दिसतो का?"

पंगत आधी उठली. झाड नंतर वाळलं. वाळलेली फांदी देवळाच्या पत्र्यावर पडेल म्हणून मंडळानेच, रीतसर नारळ फोडून, ते तोडलं. मला फार संताप आला.

पुढे देवळाचा वर्धापनदिन आला. या जागेसाठी पहिल्यांदा लढलेले ज्येष्ठ भक्त म्हणून गमरेकाकांचा सत्कार ठरला. मला वाटलं, ते येणार नाहीत. ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. शाल घेतली आणि माइकसमोर उभे राहिले.

"इथे एक झाड होतं," ते म्हणाले. "त्याच्यावर शिंजीर यायचे."

पुढचं ऐकायला लोक थांबले. पुढचं काही आलं नाही, तेव्हा टाळ्या पडल्या. "थोडक्यात, पण किती भावपूर्ण," धुळपभाऊ माइकवरून म्हणाले. काका खाली येऊन माझ्याशेजारी बसले. शाल घडी करून खुर्चीखाली ठेवली.

"त्याच दिवशी पुसून टाकायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "झाड म्हणून तरी मेलं असतं."