ट्यूबवाले नाना

नदीत कुणी बुडाल्याची हाकाटी झाली की सगळे पाण्याकडे धावायचे. कोल्हारचे ट्यूबवाले नाना तेवढे आधी काठावर चपला शोधायचे. जोड नीट काढून ठेवलेला दिसला की म्हणायचे, "हे जानून गेलंय." एकच चप्पल चिखलात रुतलेली दिसली, तर ट्रकची फुगवलेली ट्यूब बगलेत मारून सुसाट पळायचे. "घसरलेलं मानूस लई वेळ झगडतं. त्याला आधी गाठायचं!" जाणून जीव द्यायला गेलेल्यासाठीही नाना उडी घ्यायचेच, फक्त शिव्या घालत घ्यायचे.

मी पोलीस ठाण्यातली साधी शिपाई. ठाण्यात ड्रोन आला आणि तो उडवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. फोन आला की गाडी निघायच्या आत ड्रोन हवेत, मी गच्चीवर स्क्रीनपुढे. पाण्यात कुणी दिसलं तर वरून रबरी कडं टाकायचं. आता नानांना वाईट वाटणार, ही मला धास्ती. कसलं काय! पहिल्याच दिवशी भेळ घेऊन हजर. "बरं झालं बाई. हे उडतं. माजे गुडगे उडत न्हाईत."

मग येता-जाता गच्चीवर यायचे, स्क्रीनमध्ये डोकं घालायचे आणि खोड काढायचे, "समदी नदी दिसती गं, पर चपला कुटं दिसत्यात?" मी अशी चिडायचे! पण पटायचंही.

पाण्यात असताना काही लागलं तर ड्रोनकडे हात करा, मी बघत असते, असं मीच त्यांना बजावलं होतं. झालं! तेव्हापासून ड्रोन दिसला की नाना हात वर करून राम राम ठोकायचे. "नाना, ही काय थट्टा आहे का?" मी ओरडायचे. "अगं, तू वर बसल्येली. राम राम नको का घालायला?" या माणसापुढे बोलून उपयोग नसायचा.

गेल्या भादव्यात धरणातून पाणी सोडलं. नदीवरची मोटार काढायला गेलेला एक शेतकरी वाहत जाऊन पुलाच्या खांबाला अडकला. ड्रोन सगळ्यांच्या आधी पोचला आणि कडं अगदी त्याच्या हाताशी पडलं. काठावर टाळ्या, शिट्ट्या. जो तो मान वर करून मोबाईलमध्ये ड्रोनच टिपतोय. पण कड्यानं माणूस तरंगतो, काठाला लागत नाही. नाना ट्यूब घेऊन उतरले आणि त्याला ढकलत ढकलत काठापाशी आणलं. लोकांनी त्याला वर ओढलं. माझा कॅमेरा त्याच्यावरच होता. इतक्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात नाना दिसले, हात वर केलेला. "घ्या, झाला यांचा राम राम सुरू," म्हणत मी हसले आणि त्या शेतकऱ्याचा चेहरा जवळून घेतला.

नाना दुसऱ्या दिवशी सापडले, खालच्या बंधाऱ्याला.

ते रेकॉर्डिंग मी एकदाच पाहिलं. ट्यूब सुटून लांब गेली होती. हात एकदा नाही, तीनदा वर आला होता. अरे देवा, आणि मी हसले होते! खाली साहेब पाठ थोपटायला थांबले होते, ड्रोननं माणूस वाचवला म्हणून. मला जिना उतरवेना.

दहाव्यानंतर नानांच्या घरी नानींपुढे जाऊन बसले आणि सगळं ओकून टाकलं. वाटलं, ही बाई मला दारातून हाकलून देईल. दिलं असतं तर फार बरं झालं असतं. नानींनी पदराचं टोक चाचपत एवढंच विचारलं,

"त्यांनी हात केला तवा तू बघत हुतीस?"

"हो, नानी."

"म्हंजी त्यांना वाटलं असंल, आता कुनीतरी येतंय," नानी म्हणाल्या. "भ्याले नसतील मग."